उरलेल्या जमिनीवरची हिरवळ : मुंबई महापालिकेच्या उद्यानांची दीडशे वर्षे

१/
मुंबईचा नकाशा समोर ठेवावा आणि त्यावरचे हिरवे ठिपके पाहावेत. आझाद मैदान, राणीची बाग, हँगिंग गार्डन, दादरची पाच उद्याने, शिवाजी पार्क. प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारावा : जमिनीसाठी आसुसलेल्या या शहरात ही जागा मोकळी राहिलीच कशी? उत्तरे अनपेक्षित आहेत. कुठे तोफा, कुठे पाण्याची टाकी, कुठे प्लेग.

२/
महापालिकेचे उद्यान खाते म्हटले की माळी, झारी आणि कुंड्या डोळ्यांसमोर येतात. पण या खात्याचा इतिहास हा मूलतः जमिनीचा इतिहास आहे. कोणती जमीन, कोणासाठी आणि कोणाच्या परवानगीने मोकळी राहणार, हा वाद गेली दीडशे वर्षे या शहरात चालू आहे. हा धागा त्या वादाचा.

३/
आरंभ तोफांपासून. इंग्रजांच्या किल्ल्याभोवती तट होता आणि तटाबाहेर एक विस्तीर्ण पटांगण, एस्प्लनेड. शत्रू चालून आला तर त्याला आडोसा मिळू नये आणि तोफांचा मारा बिनअडथळा व्हावा, म्हणून तेथील घरे व झाडे हटवण्यात आली होती. मुंबईचे सर्वांत मोठे मैदान खेळण्यासाठी नव्हे, लढण्यासाठी निर्माण झाले.

४/
१८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यात आला. लढाईचे भय संपले होते आणि कापसाच्या व्यापारातून शहरात पैशाचा पूर आला होता. मोकळ्या झालेल्या जमिनीवर इमारती आणि रस्ते आले. जे पटांगण उरले त्याचे तुकडे पडले : आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज.

५/
याच काळात किल्ल्याच्या आतल्या ‘बॉम्बे ग्रीन’चे रूप पालटले. एकेकाळी येथे कापसाच्या गठ्ठ्यांचे ढीग पडत. पोलीस आयुक्त चार्ल्स फॉर्जेट यांच्या कल्पनेतून तेथे वर्तुळाकार इमारतींच्या मधोमध बाग आली. १८७२ पर्यंत हे एल्फिन्स्टन सर्कल पूर्ण झाले. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे निर्भीड संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले.

६/
आता भायखळ्याकडे. ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची मूळ बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी घेतली गेली. संस्थेने भायखळ्याला नवी बाग उभारली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ खुली झाली. लोकांनी तिचे नाव सोपे केले : राणीची बाग.

७/
बागेला लागूनच वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यासाठी वर्गणी जमवण्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांचा पुढाकार होता. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतील धनिकांबरोबर संग्रहालयाचे बांधकामही अडकले. अखेर सरकारने ते पुरे केले. १८७२ मध्ये संग्रहालय उघडले. आज ते भाऊ दाजी लाड यांच्याच नावाने ओळखले जाते.

८/
१८७२ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. त्या वर्षीच्या कायद्याने मुंबईला ६४ सदस्यांची महापालिका मिळाली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य निवडण्याचा अधिकार करदात्यांकडे आला. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, राणीची बाग महापालिकेच्या ताब्यात आली. हौशी संस्थेची बाग शहराची झाली. उद्यान खात्याची मुळे येथे सापडतात.

९/
या हस्तांतराचा अर्थ मोठा आहे. तोवर बाग हा धनिकांच्या देणगीचा किंवा संस्थेच्या सभासदांचा विषय होता. आता माळ्याचा पगार, पाण्याचा खर्च, कुंपणाची डागडुजी हे सारे करदात्याच्या पैशातून होऊ लागले. १८९० च्या सुमारास बागेला प्राणिसंग्रहालयाची जोड मिळाली आणि गिरणगावातील कामगार कुटुंबांच्या सुटीच्या दिवसाला एक हक्काचे ठिकाण लाभले.

१०/
संग्रहालयासमोर आजही एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला ज्याच्यामुळे ‘एलिफंटा’ हे नाव पडले, तो हाच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो भंगला आणि तुकडे मुंबईतच राहिले. १९१४ मध्ये ते पुन्हा जुळवण्यात आले. राणीच्या बागेने प्राण्यांप्रमाणेच इतिहासाचे अवशेषही सांभाळले.

११/
दुसरीकडे किल्ल्याबाहेरच्या मैदानावर वेगळाच संघर्ष पेटला होता. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने मैदानाचा एक भाग आपल्या क्रिकेटसाठी राखून घेतला. तेथे भारतीयांना प्रवेश नव्हता. उरलेल्या भागात पारशी व हिंदू तरुण खेळत. पण जिमखान्याचे गोरे सभासद पोलो खेळायला घोडे आणत ते नेमके याच उरलेल्या भागात.

१२/
घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि खेळपट्टीचे वाटोळे होई. १८८१ मध्ये शेकडो तरुणांनी सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. मागणी साधी होती : पोलो दुसरीकडे खेळला जावा. सरकारने ती आधी मान्य केली आणि पुढे जिमखान्याच्या दबावाखाली निर्णय फिरवला. शापुरजी सोराबजी यांनी या लढ्याची हकीकत १८९७ मध्ये पुस्तकरूपाने नोंदवून ठेवली.

१३/
तोडगा निघाला तो मुंबईच्या थाटाचा : समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर. केनेडी सी फेसवर १८८७ च्या सुमारास पारशी जिमखान्याला जागा मिळाली. पुढील काही वर्षांत इस्लाम व हिंदू जिमखान्यांनाही. खेळाडूंना मैदान मिळाले खरे, पण ते जातधर्माच्या वाट्यांत. सर्वांसाठी एक मैदान हा मूळ प्रश्न तसाच मागे राहिला.

१४/
महापालिकेच्या स्वतःच्या बागा वाढत होत्या त्या आणखी वेगळ्या वाटेने. शहराला नळाचे पाणी देण्यासाठी टेकड्यांवर साठवण टाक्या बांधल्या गेल्या. टाकीच्या छतावर इमारत बांधता येत नाही, बाग मात्र करता येते. मलबार टेकडीच्या टाकीवर १८८१ मध्ये हँगिंग गार्डन आले. आज त्याला सर फिरोजशहा मेहता यांचे नाव आहे.

१५/
माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरही हेच घडले. तेथील जलाशयावर १८८४ च्या सुमारास बाग झाली. पुढे तिला लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि मुंबईचे महापौर राहिलेले जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव लाभले. त्या हिरवळीवर फिरणाऱ्या अनेकांना पायाखाली शहराचे पिण्याचे पाणी आहे याची कल्पनाही नसते.

१६/
१८८८ मध्ये मुंबई महापालिकेचा नवा कायदा झाला. त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता आणि अनेक दुरुस्त्यांसह तो आजही लागू आहे. या कायद्याने पालिकेच्या कामांचे दोन भाग केले. कलम ६१ मध्ये अनिवार्य कर्तव्ये : गटारे, पाणी, सफाई, रस्ते. कलम ६३ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये.

१७/
पालिकेच्या मालकीच्या मोकळ्या जागा राखणे अनिवार्य; पण नवी उद्याने व क्रीडांगणे निर्माण करणे ऐच्छिक. एका शब्दाचा हा फरक. गटार बांधले नाही तर पालिका कायद्यापुढे दोषी ठरते, बाग केली नाही तर नाही. उद्यान खात्याच्या पुढील साऱ्या वाटचालीवर या एका शब्दाची सावली पडलेली दिसते.

१८/
मग १८९६ साल उजाडले. मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले आणि बघता बघता शहर ओस पडू लागले. कोंदट चाळी आणि कोंडलेली हवा यांना रोगाचे कारण मानले गेले. १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. समुद्राचे वारे वस्तीत खेळावे म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढण्यात आले.

१९/
प्लेग हवेतून नव्हे, उंदरांवरील पिसवांतून पसरतो, हे पुढे सर्वमान्य झाले. पण चुकीच्या निदानातून एक चांगली गोष्ट जन्मली. दादर-माटुंगा भागात ट्रस्टने नवे उपनगर आखले. रस्ते आधी, भूखंड नंतर, आणि भूखंडांच्या मध्ये बागा. मुंबईत बहुधा प्रथमच मोकळी जागा ‘उरली’ नाही. ती आधी ठरवली गेली आणि घरे तिच्याभोवती आली.

२०/
दादर पारशी कॉलनीतील पाच उद्याने हे त्या आखणीचे ठळक उदाहरण. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी तेथे भूखंड राखून घेणारे अभियंता मंचेरजी जोशी यांचे नाव या उद्यानांना आहे. १९३० च्या दशकात ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला आणि आखून झालेल्या बागांचा आयता वारसा पालिकेला मिळाला.

२१/
त्याच पट्ट्यात समुद्रालगत २८ एकरांच्या आसपासचे एक मैदान होते. १९२५ मध्ये महापालिकेने ते ‘माहीम पार्क’ म्हणून लोकांना खुले केले. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. हा पुढाकार होता अवंतिकाबाई गोखले यांचा.

२२/
अवंतिकाबाई या मुंबई पालिकेतील पहिल्या स्त्री-सदस्यांपैकी एक. १९१७ मध्ये त्या गांधीजींबरोबर चंपारणला गेल्या होत्या, त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्रही लिहिले. परकीय सत्तेच्या काळात शहरातील एका मोठ्या मैदानाला शिवछत्रपतींचे नाव देणे ही केवळ पाटी बदलण्याची बाब नव्हती. मैदान कोणाचे, या जुन्या प्रश्नाला ते दिलेले उत्तर होते.

२३/
त्या उत्तराची प्रचीती पुढे वारंवार आली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींच्या अटकेनंतर शिवाजी पार्कवर भाषण करण्यास निघालेल्या कस्तुरबांनाही अटक झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा येथे गाजल्या. याच मातीत क्रिकेटपटूंच्या पिढ्या घडल्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी पालिका आजही येथेच निवारा उभारते.

२४/
गंमत अशी की एकच मैदान क्रीडांगण, सभास्थान आणि फिरण्याची जागा अशा तिन्ही भूमिका निभावू लागले, तेव्हा भूमिकांत भांडण लागले. कट्ट्यावर बसणाऱ्या रहिवाशाला ध्वनिवर्धक नकोसा झाला, पक्षांना सभा हवी होती आणि खेळाडूंना सभामंडपाचे खड्डे खुपत होते. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या परिसराला शांतता क्षेत्राचे नियम लागू केले.

२५/
स्वातंत्र्यानंतर शहर उत्तरेकडे झेपावले. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे बृहन्मुंबईत सामील झाली आणि पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. १९५२ मध्ये मलबार टेकडीवर कमला नेहरू पार्क सुरू झाले. तेथील ‘म्हातारीचा बूट’ लाखो मुलांच्या आठवणींत जाऊन बसला. पण उपनगरांतील मुलांसाठी बूट तर सोडाच, अंगणही आकसत चालले होते.

२६/
उपाय म्हणून विकास आराखडा आला. १९६४ मध्ये पालिकेने पहिला आराखडा तयार केला; १९६७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. नकाशावर उद्यान, क्रीडांगण, शाळा यांसाठी भूखंड आरक्षित झाले. कागदावर मुंबई हिरवी झाली. अडचण एकच होती : आरक्षणाने जमिनीचा रंग बदलतो, मालक बदलत नाही.

२७/
१९६६ च्या नगररचना कायद्यातील कलम १२७ येथे कळीचे ठरले. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. जमिनीचे भाव गगनाला भिडलेले, पालिकेची तिजोरी अनिवार्य कामांनी व्यापलेली. ‘ऐच्छिक’ बागेसाठी पैसा मागे पडत गेला.

२८/
१९९१ च्या नियमावलीने पैशाऐवजी चटईक्षेत्र देण्याची वाट काढली. मालकाने आरक्षित भूखंड पालिकेला द्यावा आणि बदल्यात अन्यत्र बांधकामाचा हक्क घ्यावा. त्यातून काही बागा मिळाल्या. पण हिशेब नीट पाहावा : एका ठिकाणी बाग आणि त्या बागेच्या मोबदल्यात दुसऱ्या ठिकाणी वाढीव मजले. मोकळ्या जागेची किंमत दुसऱ्या वस्तीतील गर्दीने चुकती केली.

२९/
दरम्यान उद्यान खात्याच्या कामाचा पसारा बदलत होता. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरण आले. आता रस्त्याकडेचे झाड, सोसायटीच्या आवारातले झाड, पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी, झाड तोडण्याचा अर्ज, हे सारे या खात्याच्या टेबलावर येऊ लागले. बागेच्या कुंपणात राहणारे खाते शहरभर पसरले.

३०/
उरलेल्या जमिनीवर हिरवळ फुलवण्याची जुनी रीत मात्र सुटली नाही. माहीमच्या खाडीकाठी, धारावीलगत कचराभूमी होती. १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तेथे पहिले झाड लागले. १९९४ मध्ये ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. ते पालिकेचे नव्हे, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. कचऱ्यावर जंगल उभे राहू शकते, याचा तो जिवंत पुरावा.

३१/
नव्वदच्या दशकात नागरिकही पुढे आले. ओव्हल मैदानाची दुरवस्था पाहून परिसरातील रहिवाशांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि पुढे मैदानाची देखभाल अंगावर घेतली. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तोफांसाठी मोकळे केलेले पटांगण नसते, तर समोरासमोरची ही दोन युगे एकमेकांना दिसलीही नसती.

३२/
पण खासगी देखभालीला दुसरी बाजूही होती. दत्तक दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिले आणि सामान्यांना दार बंद झाले. जानेवारी २०१६ मध्ये मोकळे भूखंड देखभालीसाठी देण्याचे नवे धोरण पालिकेत मंजूर झाले, तेव्हा नागरिकांनी विरोधाचा सूर लावला. राज्य सरकारने धोरणाला स्थगिती दिली. १८८१ चा अर्ज पुन्हा एकदा लिहिला गेला. फक्त घोडे नव्हते.

३३/
राणीच्या बागेतही असाच सामना झाला. स्वातंत्र्यानंतर ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ झालेल्या या बागेच्या पुनर्रचनेचा मोठा प्रकल्प २००७ मध्ये पुढे आला. येथील तीन हजारांच्या आसपास वृक्षांचे काय होणार, या काळजीने वनस्पतिप्रेमी एकत्र आले. त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, लोकांना बागेत नेऊन झाडे दाखवली. मूळ प्रकल्प मागे पडला. २०१६ मध्ये पेंग्विन आले, पण वृक्षही राहिले.

३४/
१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांची बारावी अनुसूची तयार केली. उद्याने, बागा आणि क्रीडांगणे त्या यादीत आहेत. १८८८ च्या कायद्यातील ऐच्छिक काम शंभर वर्षांनी राज्यघटनेच्या पानावर पोहोचले. तरीही मुंबईत माणशी मोकळी जागा सुमारे सव्वा चौरस मीटर इतकीच भरते. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शिकेत हा आकडा १० ते १२ चौरस मीटर आहे.

३५/
‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे मराठीत म्हणतात. सव्वा चौरस मीटरच्या अंथरुणावर मोठ्या माणसाला पाय पसरताच येत नाहीत.

३६/
२०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जमीन मध्यवर्ती उद्यानासाठी महापालिकेकडे सोपवण्याचा निर्णय झाला. १८८३ पासून घोड्यांच्या शर्यतींसाठी मोकळी राहिलेली ही जमीन. पुन्हा तीच रीत : कोणत्या तरी दुसऱ्याच कारणाने वाचलेली जागा आणि मग तिच्यावर शहराचा हक्क.

३७/
तोफा, टाक्या, साथीचा रोग, कचरा, घोडे. दीडशे वर्षे मुंबईची हिरवळ अशा आडवाटांनी येत राहिली. अपवाद फक्त दादर-माटुंग्याचा, जेथे बाग आधी आखली गेली आणि घरे नंतर आली. शंभर वर्षांनंतरही पाच उद्यानांची सावली त्या भागावर टिकून आहे. उरलेली जागा देणगीसारखी असते, मिळेल तेव्हा मिळेल. आखलेली जागा हक्कासारखी असते. उद्यान खात्याच्या इतिहासातून शहराने उचलावा असा धडा कोणता असेल, तर हाच.